रिपीटरवरचा पीसी हँग झाला तर?

राम राम मंडळी!

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला आमच्या हॅम रेडिओ रिपीटरचा आवाज गेला. सेटवर सिग्नलच्या काड्या मात्र फुल. डोंगरावरच्या खोलीतला पीसी हँग झाला होता आणि पीटीटी, म्हणजे ट्रान्समीटर चालू करणारी पुश-टू-टॉक कळ, दाबलेलीच राहिली होती. बालाघाटची चढण टॉर्चच्या उजेडात चढून वर पोचलो, तर ट्रान्समीटरच्या हीटसिंकला बोट लावता येईना.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. 2 मीटर बँडवर, म्हणजे 144 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या हॅम बँडवर, दोन्हींत साधारण 600 किलोहर्ट्झचं अंतर. पीसीने फक्त सिग्नल आला का बघायचं, पीटीटी दाबायची, अधूनमधून कॉलसाइन, म्हणजे रिपीटरचं ओळखनाव, सांगायचं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एसव्हीएक्सलिंक हे रिपीटरचं सॉफ्टवेअर टाकलं तरी भागतं.

मग चुकलं कुठं? तीन मिनिटांनी पीटीटी सोडणारा टाइमआउट होता ना! होता, पण सॉफ्टवेअरमध्ये. पीसी झोपला, त्याच्यासोबत टायमरही झोपला.

आपल्याकडं शेतात जागलीला गेलेला माणूस अधूनमधून हाळी देतो. हाळी थांबली की समजायचं, गडी झोपला. पीसीकडूनही तशीच हाळी घ्यायची. प्रोग्रामने एक पिन सेकंदाला दहादा वर-खाली करायची. पुढं हा छोटा कपॅसिटर बघा. हा फक्त बदल पुढं जाऊ देतो. मग डायोड, ट्रान्झिस्टर आणि हा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पीटीटीच्या वायरमध्येच, नॉर्मली ओपन, म्हणजे करंट नसला की तुटलेला. पिन वर अडकू द्या नाहीतर खाली, ठोके थांबले की रिले सुटतो. सिरियल पोर्टवरून पीटीटी घेणाऱ्यांना आणखी एक फायदा: बूट होताना ती लाईन उगाच झटका देते, पण एका झटक्याने हा रिले ओढत नाही.

फक्त एक करा. हाळी पीटीटी सांभाळणाऱ्या प्रोग्राममधूनच द्या. मी आधी वेगळी स्क्रिप्ट लावली होती. मेन प्रोग्राम गार पडला तरी स्क्रिप्ट आपली ठोके देतच होती. शेजाऱ्यानं हाळी द्यावी आणि आपला गडी घोरत पडावा, तशी गत!

आता लाईट. बायोसमध्ये लाईट आल्यावर पीसी आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं, ते सगळे करतात. गोची यूपीएसची. बॅटरी उतरली म्हणून पीसी नीट शटडाऊन झाला आणि यूपीएस बंद पडायच्या आत लाईट आली, तर पीसीला वाटतं लाईट गेलीच नव्हती. तो बंदच बसतो. म्हणून शटडाऊननंतर यूपीएसने आउटपुट एकदा तोडलंच पाहिजे, तसं सेट करा. रास्पबेरी पाय वापरत असाल तर एसडी कार्ड रीड-ओन्ली ठेवा, नाहीतर लाईटच्या येण्या-जाण्यात कार्ड कधीतरी दगा देणारच.

चला, चालू करून दाखवतो. ट्रान्समीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पिणाऱ्या रेझिस्टरवर आहे, पीटीटी दाबलेली. आता मुद्दाम प्रोग्राम गोठवतो, किल मायनस स्टॉप… एक… दोन…

टक्. आला ना आवाज? सुटला रिले.