समेच्या आधी बोलणारा माणूस

नमस्कार मंडळी. आज कॉलरबद्दल. शर्टाची नाही आणि फोनवरचाही नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स या भागात कॉन्ट्रा डान्स नावाचा लोकनाच आहे. गावच्या टाऊन हॉलमध्ये समोरासमोर दोन लांब रांगा, स्टेजवर फिडल (म्हणजे व्हायोलिनच), पियानो, गिटार. आणि बँडच्या शेजारीच माइक धरून उभा तो कॉलर. पुढची चाल कुठली, हे तो नाचणाऱ्यांना सांगतो.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हा माणूस घाई करतोय. लोक अजून आधीच्याच चालीत आणि हा पुढचं बोलून मोकळा!

मग मात्रा मोजल्या. धून ६४ मात्रांची. स्थायी दोनदा, अंतरा दोनदा म्हणा हवं तर, प्रत्येक वेळी १६ मात्रा. नाचही बरोबर ६४ मात्रांचा. धून एकदा फिरली की प्रत्येक जोडीसमोर नवी जोडी येते. म्हणून एखादी मात्रा जास्त असलेली धून कितीही गोड असो, इथे चालत नाही.

आता माझ्याबरोबर टाळी द्या. नऊ, दहा, अकरा, बारा... आणि तेराव्या मात्रेवर कॉलर म्हणतो, "नेबर, बॅलन्स अँड स्विंग." सोळाव्याला वाक्य संपलं. पुढच्या एकवर सगळ्या हॉलचे पाय एकदम जमिनीवर. धप्प! नेबर म्हणजे समोरच्या जोडीतला. त्याच्याबरोबर चार मात्रा बॅलन्स, म्हणजे हात धरून पाऊल पुढे-मागे, आणि बारा मात्रा स्विंग, म्हणजे गिरकी.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, गायकाला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडतो. इथे शब्दांनी समेच्या आधीच संपायचं, कारण सम पायांची आहे. कॉलर एकवर बोलला तर ऐकून पाय उचलेपर्यंत दोन मात्रा गेल्याच. अख्खी रांग विस्कटते.

सुरुवातही गमतीची. धून सुरू व्हायच्या आधी फिडलवाला नुसता ठेका घासतो. त्याला म्हणतात "फोर पोटॅटोज". हो, चार बटाटे! पहिला कॉल त्या बटाट्यांतच बसवायचा.

नाच सुरू व्हायच्या आधी कॉलर बँडशी बोलून घेतो. या नाचात अंतऱ्याला बॅलन्स आहे, तिथे ठोका असलेली धून द्या. या दुसऱ्या नाचात सगळे एकमेकांमधून वेणीसारखे विणत जातात, तिथे वाहती धून हवी. धून कुठली ते बँड ठरवतो, आणि ते त्यांच्यावर सोडणंच शहाणपणाचं. आपल्याकडच्या निवेदकांनी हे जरूर शिकावं.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. चार-पाच फेऱ्यांनी लोकांना नाच पाठ होतो, तसा कॉलर शब्द कमी करत जातो. "बॅलन्स अँड स्विंग"चं नुसतं "स्विंग" उरतं. मग तेही नाही. धूनच सांगते, आता अंतरा आला, वळा. बँड दुसऱ्या धूनवर उडी मारतो, सूर बदलतो, हॉलमधून आरोळी उठते. कॉलर गप्प उभा. पण त्याचं लक्ष रांगेच्या टोकाकडे असतं, कोणी चुकलंय का.

आणि मग तो बँडकडे वळून तीन बोटं वर करतो. अजून तीन फेऱ्या. नाचणाऱ्यांना पत्ताच नाही. दोन बोटं. एक. आता फिडल जोर धरतं, कॉलर बऱ्याच वेळाने माइक तोंडाजवळ नेतो, तेरा, चौदा...

"पार्टनर, स्विंग!"