टोमॅटो पिकायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियाची कविता म्हटलं की लाल माती, मेंढ्या आणि अफाट माळरान डोळ्यांपुढे येतं. ब्रूस डॉ या कवीकडे मात्र भेटतात साधीसुधी संसारी माणसं. जन्म १९३०चा, मेलबर्नच्या फिट्झरॉय या कामगार वस्तीतला. शाळा सोळाव्या वर्षीच सुटली. मग मजुरी केली, टपाल वाटलं आणि पुढे काही वर्षं हवाई दलात काढली. माणसं घरात कशी बोलतात, हे या माणसाला पाठ असणारच!

त्यांची ‘ड्रिफ्टर्स’ ही कविता घ्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं एक कुटुंब. नवरा एक दिवस सांगणार, चला, बांधाबांध करा. पोरं उगाचच हरखणार, कुत्र्याचं पिल्लू सगळ्यांच्या पायात घुटमळणार. बायको परसात जाऊन वेलीवरचे हिरवे टोमॅटो तोडून घेणार. मोठी मुलगी रडवेली, कारण ती इथे रमली होती. धाकटी खुशीत, कारण तिला इथे करमतच नव्हतं. आणि गाडीत सगळ्यात आधी काय चढतं? फळं टिकवून ठेवायच्या बरण्या. मागच्या गावाहून आणलेल्या त्या बरण्या इथे बाहेर काढायची वेळच आली नाही! बायको एका शब्दानं विचारत नाही, की आता कुठे आणि का. नवऱ्याला नोकरी नाही का, कर्ज झालंय का, कवीही सांगत नाही. मला वाटतं, त्या न उघडलेल्या बरण्यांत सगळं आलं.

हाच कवी संतापतो तेव्हा ‘होमकमिंग’ लिहितो. व्हिएतनाममध्ये पडलेल्या सैनिकांचे देह विमानानं मायदेशी येतात. उचलणं, पिशवीत भरणं, चिठ्ठी लावणं, सगळं कारखान्यातल्या कामासारखं. कवितेत नाव एकाचंही येत नाही.

‘एंटर विदाउट सो मच अ‍ॅज नॉकिंग’मध्ये तर आईबापही दुकानातल्या मालाच्या भाषेत येतात. कविता धारदार आहे, पण तिथे कवी माणसांपासून जरा लांब उभा राहतो, असं मला वाटतं. ‘लाइफ-सायकल’मध्ये तसं होत नाही. व्हिक्टोरिया राज्यात बाळ जन्मलं की ते फुटबॉल क्लबच्या रंगांतच गुंडाळलं जातं. थट्टा आहेच, पण गर्दीत उभं राहून केलेली. हा कवी वाचायचा झाला तर इथूनच सुरुवात करा. त्यासाठी तिकडच्या फुटबॉलचे नियम कळायची काही गरज नाही.