टॉमची हौस, हकचे मौन

श्रोतेहो, नमस्कार. आज मिसिसिपी नदीकाठच्या दोन मुलांविषयी बोलायचे आहे. मार्क ट्वेन यांचे टॉम सॉयर आणि हकलबरी फिन हे नायक आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयातच वाचलेले असतात. कुंपणाला चुना लावण्याचे काम टॉमने मित्रांच्या गळ्यात मारले आणि वर त्यांच्याकडूनच मोबदला उकळला, हा प्रसंग नव्याने सांगण्याची गरज नाही. या मुलांच्या गुणांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, म्हणून मी त्यांच्या दोषांकडे वळते. टॉमला समोरचा माणूस आपल्या नाटकातले पात्र वाटतो, हा टॉमचा दोष. हकला समोरच्या माणसाचे हाल स्पष्ट दिसतात आणि तरीही तो गप्प राहतो, हा हकचा दोष. पुन्हा सांगते, टॉमला दिसत नाही. हकला दिसते, पण तो बोलत नाही.

टॉमचा हा स्वभाव 1876 च्या पहिल्या कादंबरीतच उघड होतो. बेटावर पळून गेलेला टॉम एका रात्री चोरून घरी येतो, आपण बुडून मेलो असे समजून रडणारी पॉली मावशी त्याच्या डोळ्यांदेखत असते, आपण जिवंत असल्याची चिठ्ठीही त्याच्या खिशात असते. पण स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहण्याची कल्पना इतकी झकास असते, की चिठ्ठी खिशातच राहते. वाचक हसतो आणि टॉमला माफ करून टाकतो.

आता मला अत्यंत प्रिय असलेल्या प्रसंगाकडे येते. तो आहे दुसऱ्या कादंबरीत, म्हणजे 1884 मध्ये इंग्लंडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या हकच्या कथेत. हकबरोबर तराफ्यावरून पळालेला जिम हा गुलाम पकडला गेला आहे आणि फेल्प्स कुटुंबाच्या मळ्यावर एका झोपडीत कोंडलेला आहे. हकचा बेत साधा आहे: किल्ली लांबवायची, कुलूप काढायचे आणि तराफा पाण्यात लोटायचा. टॉम तेथे येऊन पोहोचतो आणि हा बेत त्याला फारच मिळमिळीत वाटतो. पुस्तकांतले थोर कैदी असे सुटत नसतात. त्यामुळे जेवणाच्या सुऱ्यांनी भुयार खणायचे ठरते. पहिल्याच रात्री दोघांच्या हातांना फोड येतात, तेव्हा टॉम कुदळ घ्यायला राजी होतो, परंतु तिला सुरीच म्हणायचे अशी त्याची अट असते. त्याच रात्री तो ‘सुरी दे’ म्हणतो, हक भाबडेपणाने खरीच सुरी पुढे करतो आणि टॉम ती फेकून देतो. हकला क्षणभराने उमगते आणि तो मुकाट्याने कुदळ देतो.

पुढे टॉमच्या मनात येते, की कैद्याने दगडावर शोकवचने कोरलीच पाहिजेत. त्यासाठी गिरणीजवळचा, धार लावायचा भलामोठा गोल दगड दोघे ढकलत आणतात, पण अर्ध्या वाटेवर त्यांचा दम संपतो. मग काय करतात? जिमलाच बोलावतात! जिम खाट उचलतो, खाटेच्या पायात अडकवलेली साखळी अलगद काढतो, ती स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळतो, भुयारातून बाहेर येतो आणि हकच्या मदतीने तो दगड झोपडीपर्यंत आणतो. टॉम देखरेख करतो. भोक अपुरे पडते, तेव्हा जिमच कुदळ घेऊन ते मोठे करतो. नंतर ही मुले त्याला साखळी पुन्हा खाटेच्या पायात अडकवायला मदत करतात. श्रोतेहो, मोकळ्या आकाशाखाली उभा असलेला माणूस परत आत जाऊन कैदी होतो, कारण एका मुलाचा खेळ अजून संपलेला नाही. खेळ तीन आठवडे चालतो, झोपडीत उंदीर, कोळी आणि साप सोडले जातात, आणि जिम म्हणतो, की यातून सुटलो तर पगार दिला तरी पुन्हा कैदी होणार नाही.

मुलांना बक्षीस म्हणून ज्या संक्षिप्त आवृत्त्या देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, त्यांविषयी माझे मत फारसे बरे नाही. त्यांत कुंपण हमखास असते आणि हा दगड हमखास गळतो. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांनीही 1935 मध्ये लिहिले, की जिमला पळवून नेले जाते तेथेच वाचकाने थांबावे. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. दोन मुलांचे दोष एकमेकांत कसे बसतात, हे या शेवटच्या भागाइतके कोठेच दिसत नाही.

हकची सवय बापाच्या दारूच्या छायेत लागलेली आहे. अशा माणसांपुढे वाद घालू नये, त्यांना त्यांच्या मनासारखे वागू द्यावे, हे तो बापाकडून शिकला आणि स्वतःला राजा व ड्यूक म्हणवणाऱ्या दोन भामट्यांशीही तो बराच काळ तसाच वागला. मात्र नदीवर, टॉम जवळ नसताना, हाच हक धुक्याच्या रात्रीनंतर जिमची थट्टा केल्याबद्दल त्याची क्षमा मागतो. जिमचा ठावठिकाणा कळवण्यासाठी त्याच्या मालकिणीला लिहिलेले पत्र तो फाडतो, आणि त्यासाठी नरकात जावे लागले तरी चालेल असे ठरवतो. एवढे बळ असलेला मुलगा टॉम भेटताच निमूट होतो. तो कुरकुरतो, सोपा मार्ग सुचवतो आणि शेवटी सुरी म्हणून कुदळ देतो.

अखेरीस पंधरा बंदूकधारी शेतकरी जमतात, टॉमच्या पोटरीत गोळी घुसते, त्याच्या औषधपाण्यासाठी जिम मागे थांबतो आणि पुन्हा बेड्यांत पडतो. तेव्हा टॉम सांगतो, की मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्राने तिने जिमला मुक्त केले आहे. हे त्याला सुरुवातीपासून ठाऊक होते. चांगला कैदी झाल्याबद्दल तो जिमला चाळीस डॉलर देतो. आणि हक? तो रागावत नाही. चांगल्या घरातला टॉम एका गुलामाला पळवायला कसा तयार झाला, हे कोडे त्याला छळत होते; ते एकदाचे सुटले, एवढेच त्याला वाटते.