विक्रीतून उभा राहणारा निधी

१९४९ साली युनिसेफने आपले पहिले शुभेच्छापत्र काढले, तेव्हा त्यावर चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या एका मुलीचे चित्र होते. युद्धानंतर गावाला मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून तिने ते काढले होते. पुढे कित्येक दशके अशा शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून मुलांसाठीच्या कामाला पैसा मिळत राहिला.

लहान सेवाभावी संस्थेला हा मार्ग जवळचा वाटतो, याचे कारण केवळ रक्कम नाही. अनुदान बहुधा एखाद्या ठरावीक प्रकल्पासाठीच मिळते. त्यातून वर्गाला पुस्तके घेता येतात, पण शिक्षिकेचा प्रवासखर्च, खोलीचे भाडे किंवा विजेचे बिल त्यात बसेलच असे नाही. पिशव्या, दिनदर्शिका किंवा टी-शर्ट विकून जे उरते, ते मात्र संस्थेला निकड असेल तिथे खर्च करता येते, आणि संस्था चालवणाऱ्यांना या मोकळिकीचे मोल फार मोठे असते.

अर्थात, गल्ल्यात जमा झालेली सगळी रक्कम कामाला मिळत नाही. समजा, उत्पादनखर्च विक्रीकिमतीच्या ६० टक्के आहे आणि संस्थेने १०० टी-शर्ट छापून घेतले, तर पहिले ६० विकले जाईपर्यंत फक्त घातलेला पैसा परत येतो. कार्यक्रमासाठीचा पहिला पैसा एकसष्टाव्या टी-शर्टपासून मिळू लागतो. त्यातही टी-शर्ट अनेक मापांत ठेवावे लागतात, मधली मापे लवकर संपतात आणि टोकाची खोक्यात पडून राहतात. पिशवीला मापाची अडचण नसते. दिनदर्शिका मात्र नवे वर्ष सुरू होऊन काही आठवडे लोटले की कोणी घेत नाही. म्हणून आगाऊ मागणी नोंदवून, तेवढाच माल तयार करून घेणे हे लहान संस्थेच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाचे आहे, भले त्यात नगामागे खर्च थोडा जास्त येवो.

मुलांची चित्रे वस्तूंवर छापायची असतील, तर त्यांची आणि पालकांची संमती आधी घेतलीच पाहिजे. याबाबत कोणतीही सवलत असू नये. वस्तूची किंमत म्हणजे देणगी नव्हे, आणि अनेक देशांत दोन्हींचे करनियम वेगळे असल्यामुळे हिशेबही स्वतंत्र ठेवावा लागतो. किमतीतला किती भाग कोणत्या कामाला जातो, हे वस्तूसोबतच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. ती चिठ्ठी वाचून जो ग्राहक कामाची चौकशी करतो, त्याच्याशी बोलायला स्वयंसेवकाने वेळ काढावा, कारण पुढे नियमित देणगी देणारे अनेकदा अशाच ग्राहकांतून मिळतात.