परवानगी म्हणजे मान नव्हे

या या, पुढे या, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. फलकावर विषय लिहिलाय, मेलचे फोल्डर आणि कॅलेंडर शेअर कसे करायचे आणि परवानग्या कशा सांभाळायच्या. ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या, कारण ती गेली कित्येक वर्षं माझ्या मनात आहे. परवानगी देताना आपण माणसाचा हुद्दा बघतो, काम बघतच नाही. साहेब आहेत ना, मग सगळं देऊन टाका. नवीन मुलगी लागलीये ना, तिला नुसतं वाचायला द्या. आता त्या फोल्डरवर दिवसभर काम कोण करतंय? ती मुलगी. मग तिला एखादा मेल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवायचा असला की कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि शेवटी कंटाळून तो कुणीतरी तिला स्वतःचा पासवर्डच सांगून टाकतो. इथे किती जणांनी सांगितलाय? हात वर करू नका, चेहऱ्यावर कळतंय.

माझ्या ऑफिसात घडलेलं सांगतो. तक्रारींसाठी आमचा एक सामायिक मेलबॉक्स होता, आठ जण मिळून बघायचो. त्यात एक फोल्डर होता, नाव ‘उत्तर बाकी’. तक्रार सुटली नसेल तर तिथे टाकायची, सुटली की काढायची. इतकंच, पण आमचं सगळं काम त्या एका फोल्डरवर उभं होतं. तो लावून देण्याचं काम माझं, आणि मी आमच्या मोठ्या साहेबांना त्यावर ओनर, म्हणजे सगळे अधिकार असलेला, करून ठेवलं. त्यांनी मागितलं नव्हतं बरं का. मलाच वाटलं, नुसतं रिव्ह्यूअर, म्हणजे फक्त वाचणारा, ठेवलं आणि उद्या त्यांच्या लक्षात आलं, तर बरं दिसेल का ते?

एका शुक्रवारी संध्याकाळी साहेब प्रवासात, गाडीची वाट बघत लॅपटॉप उघडून बसलेले. डावीकडच्या यादीत ‘उत्तर बाकी’ ठळक अक्षरात, शेजारी १४० न वाचलेले मेल. रोज तो आकडा बघून त्यांना वैताग यायचा, कारण ते मेल त्यांच्या कामाचे नव्हतेच. त्यांना वाटलं आपल्या यादीतून काढावं. फोल्डर उघडला, सगळे सिलेक्ट केले, डिलीट. त्यांच्या हिशेबाने ते फक्त त्यांच्याकडून गेले होते.

सोमवारी सकाळी आम्ही बघतो तर फोल्डर रिकामा, आणि खरं सांगतो, आधी आम्हाला आनंद झाला, वाटलं कुणीतरी शनिवारी येऊन सगळं निपटवलं! दहा वाजता पहिला फोन आला, माझ्या तक्रारीचं काय झालं. मग दुसरा. मग धावपळ. मेलबॉक्सच्या ट्रॅशमध्ये बघितलं, तिथे काहीच नाही. आठ जण एकमेकांकडे बघतायत, तू तर नाही ना केलंस, असं चाललंय आणि दुपारपर्यंत ऑफिसातलं वातावरण पार बिघडलं. शेवटी उलगडा झाला तो असा, की आम्ही वापरत होतो त्या मेल प्रोग्रामात दुसऱ्याच्या मेलबॉक्समधला मेल डिलीट केला की तो डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या ट्रॅशमध्ये जाऊन पडायचा. म्हणजे आम्ही शोधत होतो एका ठिकाणी आणि मेल होते साहेबांच्या कचरापेटीत. संध्याकाळी त्यांनी उघडून बघितलं, १४० च्या १४० तिथेच. ते बराच वेळ गप्प बसले, मग मला म्हणाले, “अरे, पण मला हे डिलीट करता येतच का होतं?”

हा प्रश्न मी तेव्हापासून घेऊन फिरतोय. १९७५ मध्ये सॉल्टझर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला, त्यात हे तत्त्व आहे, की ज्याला त्याला त्याच्या कामापुरताच कमीत कमी अधिकार असावा. आणि त्याचं मुख्य कारण ते काय देतात, तर चुकून किंवा अपघाताने होणारं नुकसान त्यामुळे मर्यादेत राहतं. आपण नेहमी समजतो परवानग्या चोरासाठी असतात, म्हणून ‘घरच्याच’ माणसाला कमी अधिकार दिला की त्याला अविश्वास वाटतो. साहेबांवर कुणाचा अविश्वास होता? त्यांना वाचवायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही.

गंमत म्हणजे हे ज्यांनी बनवलं त्यांनी किती बारकाईने बनवलंय बघा. आयमॅप हे मेल वाचायचं तंत्र १९८६ पासूनचं, त्यात फोल्डरच्या परवानग्यांचा नियम १९९७ मध्ये आला आणि २००५ मध्ये सुधारून आरएफसी ४३१४ झाला, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद. त्यात एकेका अधिकाराला एकेक अक्षर आहे. एल म्हणजे फोल्डर यादीत दिसणं, आर म्हणजे वाचणं, आय म्हणजे आत मेल टाकणं, टी म्हणजे मेलवर डिलीटची खूण करणं, ई म्हणजे तो कायमचा पुसणं, एक्स म्हणजे अख्खा फोल्डरच उडवणं, ए म्हणजे दुसऱ्यांना परवानग्या वाटणं. जुन्या नियमात मेलवर डिलीटची खूण करणं आणि तो पुसणं एकाच डी अक्षरात कोंबलेलं होतं, सुधारताना ते मुद्दाम तोडून वेगळं केलं. आणि माझं सगळ्यात आवडतं अक्षर एस, म्हणजे ‘वाचलं’ ही खूण टिकवायचा अधिकार! ज्या सर्व्हरवर ही खूण सगळ्यांची मिळून एकच असते, तिथे मी मेल उघडला की तुमच्याकडेही तो वाचलेला दिसतो, ठळक अक्षरं जातात, तुम्हाला वाटतं त्याने बघितलं म्हणजे तोच उत्तर देणार, मला वाटतं हे तुमचं काम आहे, आणि समोरचा माणूस आठवडाभर उत्तराची वाट बघतोय.

किती वाजले? दहाच मिनिटं? बरं, मग ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते आता भराभर घेतो.

आउटलुकमध्ये नुसतं बघायचं असेल त्याला रिव्ह्यूअर. रोज सगळ्यांचेच मेल हाताळायचे असतील त्याला एडिटर. नवीन टाकायचं पण फक्त स्वतःचंच बदलायचं, तर ऑथर. आणि कॉन्ट्रिब्यूटर म्हणजे टपालपेटी, आत टाकता येतं, वाचता येत नाही. ओनर मोजून दोघं ठेवा, एक रजेवर गेला तर दुसरा हवा. जीमेलमध्ये मात्र एकच लेबल, म्हणजे तिथला फोल्डर, शेअर करता येत नाही, कुणाला डेलिगेट केलं, म्हणजे आपला मेल सांभाळायला दिला, की तो पूर्ण मेल वाचू, पाठवू, डिलीटही करू शकतो, पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. तरी पासवर्ड सांगण्यापेक्षा ते हजार पटीने बरं, काढून तरी घेता येतं.

कॅलेंडर. गूगलचं घ्या, चार पायऱ्या आहेत: नुसतं मोकळा की बिझी, सगळे तपशील, बदल करणं, आणि बदलासकट शेअरिंग सांभाळणं. बहुतेकांना पहिली पुरते, मीटिंग ठरवायला तुम्ही मोकळे आहात का एवढंच लागतं. दुसरी दिली की डॉक्टरची वेळ, दुसरीकडची मुलाखत, सगळं सहकाऱ्यांना वाचता येतं, तेव्हा अशा नोंदी प्रायव्हेट करा. आणि सेटिंगमध्ये जी गुप्त लिंक असते ती ज्याच्या हातात पडेल त्याला तुमचं कॅलेंडर दिसतं, कुणाला पाठवली असेल तर आजच रीसेट करा, जुनी बंद होते.

परवानगी शक्यतो ग्रुपला द्या, एकेकाला नको, माणूस सोडून गेला की ग्रुपमधून काढलं की झालं. आउटलुकच्या परवानग्यांच्या यादीत ‘डिफॉल्ट’ अशी एक ओळ असते, ती बघायची कुणाला आठवत नाही, आणि ऑफिसातल्या बाकी सगळ्यांना काय दिसतं ते तीच ठरवते.

शेवटचं, कारण उद्या करायला बसाल तेव्हा इथेच अडाल. आउटलुकमध्ये आतला फोल्डर शेअर केला तरी समोरच्याला दिसत नाही, कारण त्याच्या वरच्या फोल्डरवर, अगदी मेलबॉक्सच्या मुळापर्यंत, ‘फोल्डर व्हिजिबल’ची खूण लागते. तेवढी एकच खूण करा, वाचायची परवानगी वर द्यायची गरज नाही. लोक इथे वैतागतात आणि सगळीकडे ओनर करून मोकळे होतात, मीही तसंच करायचो. आमच्या साहेबांना आता त्या फोल्डरवर रिव्ह्यूअर आहे. मी बदलायला गेलो तेव्हा तेच शेजारी येऊन उभे राहिले, म्हणाले, “डिलीटची खूण गेली ना? दाखव मला.”