साहेब, तेवढं पण लिहा ना

नमस्कार मंडळी. मी रेल्वे स्टेशनवर मुलांच्या हेल्प डेस्कवर काम करते, आणि आज मला एका पत्राबद्दल बोलायचंय, म्हणजे स्टेशनात एखादं एकटं मूल सापडलं की पोलीस आमच्याकडे आणि अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीकडे जे पत्र देतात ना, त्याबद्दल.

मागे एकदा रात्री साडेअकराला हवालदारांचा फोन आला, ताई, एक पोरगं मिळालंय, नऊ-दहा वर्षांचं असेल, या लवकर. गेले. पोरगा बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेला, कोणाशी बोलेना. पत्र तयारच होतं, डायरीचा नोंद नंबर, प्लॅटफॉर्म, अंगावरचे कपडे, अंदाजे वय आणि खाली नेहमीचं वाक्य की सदर बालक काळजी व संरक्षणाची गरज असलेला असून पुढील कार्यवाहीस्तव हजर करीत आहे. नियमात सगळं बसत होतं. मी सही केली, निघाले, आणि दारात हवालदार सहज म्हणाले, दोन वडापाव दिले हो त्याला, एक खाल्ला न् दुसरा कागदात गुंडाळून खिशात घातला, कितीदा खा म्हटलं तरी खाईना.

मी म्हटलं, साहेब, तेवढं पण लिहा ना. ते म्हणाले, ताई, सरकारी कागदात वडापाव काय लिहायचा? पण लिहिलं त्यांनी, खाली दोन ओळी.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे पोरगा गप्पच, नाव नाही गाव नाही, मग तिथल्या मॅडमनी त्या दोन ओळी वाचल्या आणि विचारलं, बाळा, तो वडापाव कोणाला ठेवला होतास रे? तेव्हा तो पहिल्यांदा रडला. म्हणाला, बारकीला.

कायद्यात तसं सगळं आहे. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक हवं आणि त्या पथकात दोन सोशल वर्कर हवेत, त्यातली एक बाई. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे न्यायचं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या केसमध्ये पण पोलिसांनी 24 तासांत समितीला कळवायचं, आणि ज्याच्यावर संशय आहे तो त्याच घरात राहत असेल तर मुलाला तेवढ्याच वेळात समितीपुढे हजर करायचं, कारणं लेखी देऊन. हे का, तर गुन्ह्याचा तपास एकीकडे चालू राहील, पण आज रात्री ते लेकरू कुठे झोपणार हे कोणीतरी बघायला हवं ना, आणि ते बघणारा माणूस बहुतेक वेळा तिथे नसतो, त्याच्या हातात फक्त कागद येतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती नवरा-बायकोच्या भांडणाच्या कॉलची. रात्री पोलीस घरी जातात, बाईची तक्रार लिहितात, नवऱ्याला घेऊन येतात, आणि कॉटखाली दोन पोरं कानावर हात ठेवून बसलेली असतात ती कुठल्याच कागदावर येत नाहीत, कारण तक्रार त्यांची नसते. तिथे एक ओळ हवी, घरात दोन मुलं आहेत, वयं इतकी, मोठी मुलगी थरथरत होती. तेवढ्यावर आमचं माणूस सकाळी त्या घरी जाऊ शकतं.

काही पोलिसांना भीती असते की जास्त लिहिलं तर कोर्टात उलटतपासणीत अडकू. बरोबर आहे, म्हणूनच मी सांगत असते की निष्कर्ष नका लिहू, दिसलं ते लिहा. बापाने चटका दिला असं नाही, डाव्या पोटरीवर रुपयाएवढा भाजल्यासारखा डाग, एवढंच. आणि हो, हे सगळं समितीला आणि आम्हाला, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, पत्रकारांना तर नाहीच. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे, आणि गावात एकदा नाव फिरलं की ते लेकरू शाळेत परत कसं जाणार हो?

मुंबईत 1984 पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने पोलिसांच्याच जागेत महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, सोशल वर्कर तिथेच बसायला लागले. मला ते फार पटतं, कारण दारात सहज निघालेलं बोलणं फाइलमध्ये येत नाही, शेजारच्या टेबलावर मात्र पोचतं.

बरं, बारकी. पाच वर्षांची बहीण, घरी बाप दारू पिऊन मारायचा, आई नव्हती, आणि हा खायला काहीतरी आणतो सांगून गाडीत बसला होता. नुसता हरवलेला मुलगा म्हणून घरी पोचवला असता तर दोघं तिथेच राहिली असती. समितीने त्यांच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला कळवलं, तिथली सोशल वर्कर आणि तिथल्या पोलीस ठाण्यातल्या मॅडम एकत्र घरी गेल्या, साध्या कपड्यात, आणि चौथ्या दिवशी बारकी आली. फ्रॉकला बटणं नव्हती, सेफ्टी पिना लावलेल्या. भावाला बघून तिने पहिला प्रश्न विचारला, आणलंस का?

मी हवालदारांना फोन करून हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, ताई, ड्युटीवर आहे, नंतर करतो.