वाईच्या पाणंदी आणि पाटाचा रस्ता

(दृश्य : पहाट. कृष्णेचा घाट. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत. दोन मुली आणि एक मुलगा बुटांच्या नाड्या आवळताहेत.)

सातारा जिल्ह्यातलं वाई. समोर कृष्णेचं पात्र आणि घाटावर ढोल्या गणपती. देवळाची ही मागची बाजू नीट बघा. माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी चढलं तर ते या टोकावर फुटावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून ही बांधणी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ उभारलं. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट करून द्यायची, हे इथल्या माणसांना तेव्हापासून ठाऊक आहे.

वाटेचंच बोलायचं आहे आज. ही तिघं आता धावायला निघतील. त्यांना मैदान लागत नाही, ट्रॅक लागत नाही. वाईच्या भोवती शेताशेतांतून गेलेल्या मातीच्या वाटा आहेत, तेवढ्या त्यांना पुरतात.

(दृश्य : मेणवलीचा रस्ता. नदीकाठची झाडी. धुक्यात पुढे पळणाऱ्या पाठमोऱ्या आकृती.)

पहिली वाट मेणवलीची. गावातून साधारण तीन किलोमीटर, जवळजवळ सपाट. नवखा माणूससुद्धा बोलत बोलत पळू शकतो, आणि लाँग रनची सवय असलेल्यांचं इथे जेमतेम अंग गरम होतं. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. त्यामुळे ऑक्टोबर सरला की पहाटेची हवा अशी असते, श्वास दिसतो.

(दृश्य : मेणवलीचा घाट, उतरत्या पायऱ्या, घंटेची छत्री. घंटेवरची आकृती जवळून.)

हा नाना फडणवीसांचा वाडा आणि हा त्यांचा घाट. मेणेश्वराच्या देवळाशेजारी ही घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. घाटावर पोरं पाणी पितात, पायऱ्यांवर पोटऱ्या ताणतात आणि पुढे निघतात.

(दृश्य : कालव्याचा काठ. एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उसाचे फड. कॅमेरा धावणाऱ्यांच्या बरोबरीने.)

आणि ही वाट. सगळ्यात जास्त चित्रीकरण आम्ही इथेच केलं.

मेणवलीच्या पुढे धोम. १९७०च्या दशकात कृष्णेवर मातीचं धरण झालं आणि दोन्ही अंगांना कालवे निघाले, डावा आणि उजवा. लोक त्यांना पाटच म्हणतात. पाटाच्या भरावावरून हा रस्ता जातो. तो काही धावणाऱ्यांसाठी केलेला नाही. पाटकऱ्याला दारं उघडायला, गळती बघायला, गाळ काढणारी यंत्रं न्यायला तो ठेवला आहे. पण धावणाऱ्याला यापेक्षा चांगली वाट सापडणार नाही, आणि याचं कारण पाण्यात आहे.

कालव्यातलं पाणी पंपाने ढकललेलं नसतं. ते आपल्या वजनाने, हळूहळू उतरत जातं. उतार जास्त दिला तर पाणी काठ खातं. कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून काही हजार मीटरला एखादा मीटर, इतका बेताचा उतार धरून अभियंत्यांनी डोंगराच्या कडेकडेने आखणी केली. डोंगर आत वळला की पाट आत वळतो, सोंड पुढे आली की तिला वळसा घालतो. चढ येत नाही, उतार जाणवत नाही, आणि तरी प्रत्येक वळणाला समोरचं दृश्य बदलतं. सपाट वाट हवी आणि डोंगरही हवेत, ही दोन्ही मागणी एकाच रस्त्याने पुरी होते.

(दृश्य : पावलं, जवळून. ओली माती, गवत, खडी. मागे पांडवगड.)

पायांकडे बघा. डांबरावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. इथे एक पाऊल गवतावर, एक बारीक खडीवर, एक ओलाव्यावर. घोट्याला सतत सावरावं लागतं. आवर्तन, म्हणजे पाटाला ठरावीक पाळीचं पाणी, सुटलेलं असेल तेव्हा भराव पाझरतो आणि चिखल होतो. त्या दिवसांत मुलं वाट बदलतात, शिवारातल्या पाणंदीने, शेतांमधल्या गाडीवाटेने, जातात.

(दृश्य : धोमच्या देवळातला कमळाकार हौद, कासवाच्या पाठीवरचा नंदी. मग जलाशय, पलीकडे कमळगड.)

धोमला पोचलं की हे देऊळ. दगडी कमळात पाणी, पाण्यात कासव, कासवावर नंदी. त्यामागे धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड. लाँग रन करणारे इथून मागे फिरतात.

(दृश्य : बावधनकडची शिवारं. हळदीची सुकत आलेली पानं, उसाने भरलेली ट्रॉली, बैलगाडीची चाकोरी.)

दुसऱ्या दिशेला बावधन. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून निघणारं बगाड, म्हणजे यात्रेतला उंच खांबाचा लाकडी गाडा, बैलांनी ओढत इथल्याच रानातून भैरवनाथाच्या देवळाकडे जातं. त्यासाठी शेतं मोकळी ठेवली जातात. एरवी इथे वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद. पसरणीकडेही अशाच वाटा आहेत, शाहीर साबळ्यांच्या गावाकडे.

(दृश्य : पाणंदीचं तोंड. दोन्हीकडून बाभळी आत आलेल्या. मग गावनकाशा, त्यावर फिरणारं बोट.)

आता पाणंद. दोन शेतांच्या मधून जाणारी, बैलगाडीची, गुरांची वाट. ही सरकारी नकाशावर आहे. गावनकाशात एकेरी तुटक रेषा दिसली की ती पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा दिसली की तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. ही मोजमापं इंग्रजी अमदानीतल्या भूमापनापासूनची आहेत आणि आजही तीच धरतात.

नकाशावर साडेसोळा फूट आहे आणि जागेवर किती आहे, ते तुम्हीच बघा. एका बाजूने बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूने पाइपलाइन टाकली, तिच्यावर माती ओढली. पुढे कुणी तारेचं कुंपण केलं. यातल्या एकाही शेतकऱ्याला आम्ही वाईट म्हणणार नाही. जमिनीचे तुकडे होत गेले की एकेक फूट जपावासा वाटतो. पण पाणंद बुजली की त्याच शेतकऱ्याचा ऊस फडात अडकतो. १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली असा अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. वाटच नसेल तर १९६६च्या जमीन महसूल अधिनियमाचं १४३ वं कलम आहे, बांधावरून वाट मागण्यासाठी. २०२१ साली राज्याने पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची योजनाही काढली. कायदा आहे, योजना आहे, रेषाही कागदावर आहे.

आमचं म्हणणं एवढंच की पाणंद मोकळी करताना ती सगळीच काँक्रीटखाली घालू नका. ट्रॅक्टरच्या चाकांपुरता मुरूम टाका, कडेला चर काढा आणि मधली माती राहू द्या. कडेचा वड, कडेची करंजं तोडू नका. एप्रिलमध्ये याच सावलीतून पळावं लागतं.

(दृश्य : हमरस्ता, पहाट. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक. दिव्यांच्या झोतात कडेने पळणारी मुलं.)

पाणंद बंद झाली की मुलं डांबरी रस्त्यावर येतात, आणि अंधारात काय होऊ शकतं ते सांगायला नको.

(दृश्य : मोकळ्या पटांगणात चुन्याने आखलेली रेषा. शिट्टी. मुलींची धाव.)

यातली बरीचशी मुलं भरतीची तयारी करताहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, मुलींना ८०० मीटर. काहींना साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे, यवतेश्वरच्या घाटातली, २०१२ पासून होणारी. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच जिल्ह्यातली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा पळाली, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

(दृश्य : टेप धरून पाणंदीची रुंदी मोजणारी मुलं. एकाच्या हातात नकाशाची घडी.)

गावनकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. ती घ्या, आपल्या पळायच्या वाटेवरची दुहेरी तुटक रेषा शोधा आणि टेप लावून बघा. रुंदी कमी भरली तर आधी त्या दोन्ही शेतकऱ्यांशी बोला. बोलून झालं नाही तर ग्रामसभेत विषय ठेवा आणि मग तहसीलदारांकडे जा. सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.